डोळ्यात गेलेला चुना

त्या काळात माझं काम थोडक्यात सांगायचं तर गुलाबी रंग घालवायचं होतं. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. कॉस्टिक सोड्याचे नमुने बाटल्यांतून यायचे. काचेच्या चंबूत थोडा नमुना घ्यायचा, त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, की पाणी गडद गुलाबी व्हायचं. मग वर उभ्या लावलेल्या नळीतून आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं चंबू गोल गोल हलवत राहायचं. थेंब पडतो तिथला रंग जातो, चंबू हलला की परत येतो. असं होता होता एक थेंब असा पडतो की रंग जातो तो जातोच. आम्ल संपलेलं असतं, आम्लारी संपलेली असते, उरतं ते मीठ आणि पाणी. शाळेच्या पुस्तकात याला उदासिनीकरण म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही, पण तो थेंब आवडायचा. मी मुळातच एका जागी न बसणारी. स्वयंपाक करताना तीनदा गॅलरीत जाऊन येणारी. त्या थेंबापुरती मात्र मी स्थिर असायची.

आम्ही खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवरा उरणच्या बाजूला बंदरात क्रेन चालवायचा, पाळ्यांमध्ये. तो करंजाच्या कोळी घरातला, मी पनवेलच्या बाजारपेठेतल्या, अंडंसुद्धा न शिजणाऱ्या घरातली. आमचं लग्न दोन्हीकडच्यांनी करू दिलं, एवढंच. सासूबाई माझ्याशी वाईट कधी वागल्या नाहीत, पण चार लोकांत माझी ओळख करून देताना "ही आमची शिकलेली" असं म्हणायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि लांब ठेवणं किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, धक्क्यावरचा मासळीचा लिलाव बंद असायचा, तेव्हा मासळी विकणाऱ्या सासूबाई काही दिवस आमच्याकडे यायच्या. त्या वर्षीही आल्या होत्या. त्यांना फ्लॅटमध्ये करमायचं नाही. खिडकीशी बसून खालच्या भाजीवालीशी त्या वरूनच भाव करायच्या, तेवढाच त्यांचा विरंगुळा. एका रविवारी त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, सुके बोंबील आणि सोडे घेऊन आले. मामांची स्वतःची होडी होती. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. नवरा सकाळच्या पाळीला गेलेला. घरात आम्ही तिघंच.

बोंबलाचं कालवण झालं, भात झाला. मी ताटं उचलत होते. सासूबाईंना जेवणावर पान लागायचं. त्यांच्या डबीतला चुना संपला होता, म्हणून मामांनी आपल्या खिशातली तंबाखूबरोबरची चुन्याची प्लास्टिकची पुडी दिली. पुडी जुनी होती. तिच्या तोंडाशी चुना वाळून घट्ट बसला होता. सासूबाईंना जवळचं नीट दिसायचं नाही आणि चष्म्याचा कंटाळा. त्यांनी पुडी डोळ्यांजवळ धरली आणि भोक कुठे आहे ते बघत दोन्ही अंगठ्यांनी दाबली.

मी स्वयंपाकघरात होते. मला आधी मामांचं हसणं ऐकू आलं, बहुतेक चुना गालावर उडाला असं त्यांना वाटलं असावं. मग सासूबाईंची किंकाळी.

बाहेर आले तर त्या उजवा डोळा तळहातानं चोळत होत्या. गालावर, भुवईत, पापण्यांत पांढरा चुना.

"चोळू नका!" मी ओरडले. "आई, हात काढा!"

"आग हुते गो! डोल्यान आग हुते!"

कारखान्यात दर वर्षी एकदा आम्हाला उभं करून शिकवायचे, की डोळ्यात काही उडालं तर बाकी काही करायचं नाही, फक्त पाणी. भरपूर, वाहतं, कंटाळा येईपर्यंत आणि मग त्याच्याही पुढे. प्रयोगशाळेच्या दाराशी त्यासाठी एक खास नळ होता, खालून वर उडणारा. मी त्यांना दंडाला धरून मोरीत नेलं. नळ सोडला. नळानं फुस्स केलं आणि तो गप्प झाला. आमच्याकडे पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं, दुपारी कोरडं. मोरीत एक पिंप भरलेलं होतं. मी खाली फरशीवर बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, एका हातानं पापण्या फाकवल्या आणि दुसऱ्या हातानं तांब्यातून पाणी ओतायला लागले.

डोळा उघडा धरणं किती कठीण असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. चुन्यानं पापण्या बुळबुळीत झाल्या होत्या, बोटं घसरत होती. त्या डोकं हलवत होत्या, माझं मनगट ओढत होत्या, नाका-तोंडात पाणी जाऊन ठसकत होत्या. टोपल्यांची ओझी उचललेले हात होते ते. "सोर मला, सोर," असं म्हणत होत्या. मी सोडत नव्हते.

तेवढ्यात मामा दारात आले. त्यांच्या हातात ताटातलं अर्धं कापलेलं लिंबू होतं.

"लिंबू पिल. लिंबानं चुना मरतो."

"नको."

"अगो पानान चुना जास्त झाला का आमी लिंबूच चोखतो. मरतो तो. सर, मी पिलतो."

ते वाकले. लिंबू डोळ्याच्या वर आलं. त्यांच्या बोटांनी ते दाबायला सुरुवातही केली होती. मी तांब्या धरलेल्या हातानंच त्यांच्या हातावर मारलं. जोरात. तांब्याची कड त्यांच्या बोटांवर बसली. लिंबू मोरीच्या जाळीपाशी जाऊन पडलं.

"पाणी आणा, मामा!" मी किंचाळले. "शेजारून पाणी आणा! पिंप संपत आलंय!"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. भाच्याच्या बायकोनं, तेही बाहेरच्या जातीतल्या, त्यांच्या हातावर मारलं होतं. मग ते वळले आणि त्यांनी शेजारच्या दारावर थापा मारल्या. शेजारीण बादली घेऊन आली, मग तिची दुसरी बादली, मग वरच्या मजल्यावरून कुणाची तरी. मी ओतत राहिले. किती वेळ, ते खरंच सांगता येणार नाही. मांडी बधिर झाली होती. मध्येच माझ्या डोक्यात येत होतं की पुरे झालं असेल, आता दवाखान्यात न्यावं. आणि लगेच येत होतं की नाही, अजून एक बादली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता याव्यात असं वाटत होतं. थांबले तरी चूक आणि निघाले तरी चूक.

शेवटी शेजारणीनं रिक्षा थांबवली. रिक्षातही मी प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी घालत होते. सासूबाई ओल्या लुगड्यानं थरथरत होत्या आणि आता काहीच बोलत नव्हत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

जुन्या पनवेलमध्ये एक डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, दवाखाना खाली आणि घर वर. रविवार असल्यामुळे शटर अर्धं ओढलेलं. मामांनी खालून हाक मारली आणि त्या घरच्या कपड्यांतच खाली आल्या. काय झालं ते मी एका दमात सांगितलं. त्यांनी मान हलवली, सासूबाईंना टेबलावर झोपवलं आणि खणातून कागदाच्या पट्ट्यांची छोटी डबी काढली.

मी बघतच राहिले. तशा पट्ट्या आमच्याकडे प्रयोगशाळेत असायच्या. सांडपाण्यात बुडवायच्या, टाकीत बुडवायच्या. डॉक्टरांनी एक पट्टी अलगद सासूबाईंच्या खालच्या पापणीच्या आत टेकवली. पट्टी निळी झाली. चांगलीच निळी.

एवढं पाणी घालूनही? निळी म्हणजे चुना अजून डोळ्यात होता.

त्यांनी सलाइनची बाटली टांगली, नळी डोळ्यावर धरली, आणि डोळा बधिर करणारे थेंब घालून धार सुरू केली. मामा बाहेर गेले होते, बंदराच्या ऑफिसात फोन करून नवऱ्याला निरोप द्यायला. एक बाटली संपली. पुन्हा पट्टी. या वेळी पट्टीचा मूळ रंग जवळजवळ तसाच राहिला, नुसती ओली पट्टी असावी तसा. माझ्या तोंडून "झालं" असं निघून गेलं.

"झालं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबू या जरा."

"पण आता तर..."

"थांबा."

त्या हात धुऊन आल्या. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मी वरून खाली आणि खालून वर वाचली. खोलीतल्या खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. डॉक्टर म्हणाल्या, "बसा हो तुम्ही," आणि मी बसले नाही. मग त्यांनी तिसरी पट्टी टेकवली. ती परत निळसर झाली.

"हेच बघायचं होतं," त्या म्हणाल्या. एका काडीवर त्यांनी वरची पापणी उलटी केली. मी वाकून पाहिलं. पापणीच्या आत, अगदी वरच्या घडीत, दह्याच्या कणांसारखे पांढरे कण चिकटलेले होते. माझं सगळं पाणी त्यांच्या खालून वाहून गेलं होतं. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यानं एकेक कण टिपला. पुन्हा धार लावली. पुन्हा थांबल्या, पुन्हा पट्टी. या वेळी ती बराच वेळ बदलली नाही.

"घरी पाणी घातलंत म्हणून निदान एवढं तरी आहे," त्या म्हणाल्या.

"डोळा राहील ना?"

"आज नाही सांगता येणार. आम्ल पडलं तर ते वरचा थर थिजवतं आणि बऱ्याचदा तिथेच अडतं. चुना थांबत नाही, आत मुरत जातो. तो किती मुरलाय ते दोन-चार दिवसांनी कळेल." आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "बुबुळ दुधाळ दिसतंय मला."

हे सगळं मामांनी ऐकलं नाही. ते फोन करून आले तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून झाली होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. जागेपणी दर तासाला थेंब घालायचे होते, वेगवेगळ्या बाटल्यांतले, मध्ये अंतर सोडून. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या. मी रजा टाकली. घड्याळाकडे बघायचं, थेंब घालायचे, पट्टी काढून डोळा बघायचा. बुबुळावर चहाच्या बशीत सांडलेल्या दुधासारखा धुरकट पडदा होता. माझी बोटं दिसतात का विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "हलताना दिसतान. किती हायत ते नाय कलत."

मामा करंजाला परत गेलेच नाहीत. आमच्या बाहेरच्या खोलीत राहिले. सासूबाईंना बघायला माणसं यायची, उरणहून, मोऱ्याहून, एसटीनं. प्रत्येकाला मामा पहिल्यापासून सगळं सांगायचे. पुडी, किंकाळी, पाणी. आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "मी लिंबू पिलत हुतो. हिनं नाय पिलू दिला."

माणसं माझ्याकडे बघायची. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. ती कप उचलायची. एकदा एक म्हातारी जाताना दारात थांबून म्हणाली, "शिकलेल्यांना आपल्यातला काय म्हाईत नसतं, जाऊ दे." तिला ते समजूत घातल्यासारखंच वाटत असावं.

मी मामांना सांगायचा प्रयत्न केला. "डॉक्टरांनीच सांगितलं, पाणी घातलं तेच बरोबर." ते म्हणायचे, "डाक्टर काय, तुमच्यासारख्याच." आणि विषय तिथेच संपायचा.

मला खरा चटका लागला तो नवऱ्याच्या बोलण्याचा. तो चिडला नव्हता, अजिबात नाही. पाळी संपवून आला होता, आईच्या पायांशी बसून आला होता, आणि स्वयंपाकघरात पाणी पिता पिता त्यानं विचारलं, "मला एक कळत नाही. तू रोज तेच करतेस ना? कॉस्टिकमध्ये आम्ल घालून ते मारतेस. मग लिंबू का नको म्हणालीस?"

"डोळ्यात असं करत नाहीत."

"का?"

माझ्याकडे उत्तर होतं ते शिकवलेलं होतं. फक्त पाणी, बाकी काही नाही. का, ते कधी कुणी सविस्तर सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. उष्णता निघते हे माहीत होतं. पण लिंबाच्या चार थेंबांनी अशी किती निघणार? त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण ते "का" माझ्या डोक्यातून हलेना. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, थेंब घालताना. पट्टी दोनदा निळी झालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या पहिल्या मिनिटाला लिंबू पिळलं असतं तर? कागदावर मामांचंच खरं होतं. लिंबू हे आम्ल, चुना ही आम्लारी.

रजा संपवून कामावर गेले तर तिथेही तेच. नळीतून थेंब सोडताना माझा हात पुढे जायचा, रंग जाऊन वर चार थेंब जास्तीचे पडायचे. सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. एका नमुन्याला लागायचा तो वेळ तिप्पट लागायला लागला. वरिष्ठांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." माझी नजर चंबू हलवणाऱ्या हाताकडे जायची आणि तिथेच अडकायची. काहीतरी तिथे होतं, पण ते काय हे पकडता येत नव्हतं.

शेवटी एका दुपारी, आठवड्याच्या सुटीला, मीच तो विषय काढला. जेवणं झाली होती. मामा भिंतीला टेकून बसले होते, सासूबाई खाटेवर. नवरा घरी होता. मी पांढरी बशी आणली, हळदीची डबी, एक लिंबू, आणि खालच्या टपरीवरून आणलेली चुन्याची नवी पुडी. पुडी बघून मामांचा चेहरा बदलला.

"ही कशाला आनली?"

"बघू या ना, मामा. लिंबानं चुना मरतो का ते."

काय होणार ते मला माहीत नव्हतं, हे मी आज खरं सांगते. मी आधी करून बघितलं नव्हतं. बघितलं असतं आणि मामांचं खरं निघालं असतं, तर मी ते सगळ्यांसमोर केलं असतं का, कुणास ठाऊक. म्हणूनच आधी करून बघितलं नसावं. मला तो निकाल एकटीनं नको होता.

बशीत हळद कालवली. पिवळं पाणी. पुडी चेहऱ्यापासून लांब धरून चिमूटभर चुना त्यात सोडला. पाणी लालभडक झालं.

"कुंकू झाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या शेजारची बाई असंच कुंकू करायची.

"लाल म्हणजे चुना जिवंत आहे," मी म्हटलं. "मेला की पिवळं होईल. तुम्ही पिळा, मामा."

मामांनी लिंबू घेतलं. ते एकदम पिळेनात. मग त्यांनी मूठ आवळली आणि रस चुन्यावर पडला. थोडा फेस आला, बारीक चुरचुर झाली, आणि लाल रंग कडेपासून मागे हटत हटत गेला. बशीभर पिवळं झालं, मध्ये चुन्याचा पांढरा गोळा.

मामांनी मांडीवर थाप मारली. "बघ! बघ! मेला का नाय?"

नवरा माझ्याकडे बघत नव्हता, बशीकडेही नाही, जमिनीकडे बघत होता. मामा बोलत होते, मी काय सांगत होतो, आमी काय खुले हाव का, तवाच पिलू दिला असता तर. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

"परत लाल झाला," सासूबाई म्हणाल्या.

त्या खाटेवरून वाकून चांगल्या डोळ्यानं बघत होत्या. चुन्याच्या गोळ्याभोवती नखाएवढी लाल कड आली होती. आम्ही बघत असतानाच ती रुंद झाली.

मामांनी पुन्हा लिंबू पिळलं. पिवळं. आम्ही थांबलो. पुन्हा लाल. मामांनी उरलेली फोड पार पिळून काढली, सालीचं तेलसुद्धा उडालं, आणि वाट बघून कंटाळून त्यांनी गोळ्यात नख खुपसलं. गोळ्याला वरून कडक पापुद्रा आला होता. तो फुटला, आतला मऊ ताजा चुना बाहेर आला, आणि बशी पहिल्यापेक्षा जास्त लाल झाली.

तेव्हा मला माझा चंबू हलवणारा हात कळला. मी घाईघाईनं बोलायला लागले, शब्द एकमेकांवर पडत होते. "आमच्याकडे सगळं पाण्यात विरघळलेलं असतं, मामा. आणि मी एक क्षण हात थांबवत नाही. थेंब टाकायचा, ढवळायचं. थेंब टाकायचा, ढवळायचं. म्हणून ते आम्ल सगळीकडे पोचतं. चुना चिकट असतो. लिंबू त्याला वरून शिवतं, वर साल धरते आणि आतला तसाच राहतो. डोळा कोण ढवळणार? आणि लिंबाची आग होऊन त्यांनी डोळा गच्च मिटला असता तर मला उघडताच आला नसता, पाणीसुद्धा घालता आलं नसतं. पाणी चुन्याला मारत नाही. पाणी त्याला बाहेर घेऊन जातं. मारायचा नव्हता तो, काढायचा होता."

नवरा म्हणाला, "हं." मग आईच्या जवळ जाऊन बसला.

मी मामांकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ज्या क्षणाची मी वाट बघत होते तो हाच होता, आणि मला वाटलं होतं की तो आला की माझी छाती हलकी होईल. मामा बशीकडे बघत होते. त्यांच्या नखात लाल रंग गेला होता. ते म्हणाले, "मंजे पुडीबी माजी न् लिंबूबी मीच पिलला असता."

मी बशी उचलली आणि धुवायला नेली. हळदीचा डाग निघता निघेना. बाहेरून मामांचा आवाज येत नव्हता, आणि तो आवाज नसणं मला सहन होईना. इतके दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला लिंबाचं सांगत होते, ते माझ्याबद्दल नव्हतंच, हे मला बशी धुताना कळलं. लिंबानं डोळा वाचला असता असं म्हटलं, की आपल्या पुडीनं तो गेला हे त्यांना टोचत नव्हतं. मी त्यांच्याकडून ते लिंबू दुसऱ्यांदा काढून घेतलं होतं. खरं तेच दाखवलं होतं, पण ते दाखवून झाल्यावर आता त्या माणसानं काय धरून बसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते करंजाला निघाले. चहा घेतला, नाश्त्याला थांबले नाहीत. दारात मी वाकले तर डोक्यावर हात ठेवला, तेवढंच.

त्या दिवशी सासूबाईंना थेंब घालताना मी म्हटलं, "मामा माझ्यावर रागावले."

"तुज्यावर नाय." त्यांनी डोळा मिटून घेतला, थेंब गालावर ओघळला. "तो ल्हान हुता तवा माज्या पाठीवर असायचा सारखा. आमची आय मासली इकायला जायाची. माजा काय बी दुकला का ह्यो रडायचा." मग म्हणाल्या, "मीच दाबली ना पुडी. त्यानं नाय दाबली. सांगशील त्याला? माजा ऐकत नाय तो."

मी फोन केला. मामी म्हणाली ते जाळ्यांवर बसलेत, येत नाहीत फोनवर. पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. मग तपासणीच्या दिवशी आम्ही जुन्या पनवेलला दवाखान्यात पोचलो तर मामा बाकावर आधीच बसलेले. उरणहून पहिली एसटी पकडून आले होते. त्यानंतर प्रत्येक तपासणीला ते आले. दर वेळी आमच्या आधी. आत यायचे नाहीत. बाहेर बाकावर बसायचे, गुडघा हलवत. सासूबाई बाहेर आल्या की विचारायचे, "काय बोलली?" आणि उत्तर ऐकून परतीच्या बसला निघायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "मामा, आईंनी स्वतःच दाबली होती पुडी. जुनी होती, तोंड वाळलं होतं. कुणाचीही असती." त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की मी गप्प बसावं म्हणून, ते कळलं नाही.

डोळा पूर्ण बरा झाला नाही. धुरकटपणा कडेकडेनं ओसरला, मध्ये एक पांढरा ठिपका राहिला. नवरात्राच्या सुमाराला त्यांना माझी बोटं मोजता यायला लागली. पुढे डॉक्टरांनी तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचायला सांगितलं. अक्षर त्यांना येत नव्हतं, म्हणून चिन्हाचं तोंड कुठल्या बाजूला उघडं आहे ते बोटानं दाखवायचा तक्ता लावला, आणि त्यांनी बरोबर दाखवलं. "याहून जास्त होईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे टिकेल." बाहेर येऊन मी मामांना तसंच सांगितलं. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, आणि मग रस्ता ओलांडून गेले. परत आले ते उसाच्या रसाचे चार ग्लास घेऊन. नवरा आलेला नव्हता, आम्ही तिघंच होतो. चौथा ग्लास मामांनी आत डॉक्टरांना नेऊन दिला. आत जाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

सासूबाई करंजाला गेल्या तेव्हा हंगाम चांगला सुरू झाला होता. मला त्यांची काळजी वाटत होती. धक्क्यावरची गर्दी, ओलं, घसरडं, एका डोळ्यानं कसं काय करतील. एका सुटीच्या दिवशी मी न कळवता गेले. लिलाव चालू होता. ओरडा इतका की माझं मलाच ऐकू येईना. त्या पापलेटांच्या टोपलीशी उभ्या होत्या, उजवीकडून कुणी बोललं की नुसती मान नाही तर सगळं अंग वळवायच्या, त्यामुळे आधीपेक्षाही जास्त भांडायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. एका व्यापाऱ्यानं उजवीकडून हळूच टोपलीतलं मोठं पापलेट बदलायला हात घातला. त्यांना दिसलं नसणार. पण त्यांचा हात बरोबर त्याच्या मनगटावर पडला.

"ठेव," त्या म्हणाल्या.

त्यानं ठेवलं. मग त्यांना मी दिसले. त्यांनी मला जवळ बोलावलं नाही, शेजारच्या बाईला हनुवटीनं दाखवलं आणि म्हणाल्या, "माजी सून." एवढंच. मामा होडीवरून बर्फाची पेटी उतरवत होते. मला बघून त्यांनी हाक मारली की नुसती उबी काय राहतेस, दुसरी बाजू धर. मी चपला काढल्या आणि गेले.